पान्हा मेंदूतून फुटतो

आजी म्हशीच्या धारेला बसली की आधी रेडकू सोडायची, त्याला कासेला चार ढुसण्या देऊ द्यायची, मग ते बाजूला बांधून कोमट पाण्याने कास धुवायची आणि सड तटतटून येईपर्यंत ते चोळत स्वस्थ बसून राहायची. धारेला परका माणूस बसला तर तीच म्हैस पान्हा चोरायची. याचे कारण कासेत नसून मेंदूत आहे, हे मला पुढे प्राणिशास्त्र शिकताना कळले आणि मी अक्षरशः भारावून गेलो.

रेडकाच्या ढुसण्यांची संवेदना मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जाते. तेथील काही चेतापेशी ऑक्सिटोसिन हे अवघ्या ९ अमिनो आम्लांचे संप्रेरक (हार्मोन) तयार करतात. या पेशींचे लांब तंतू मेंदूखाली लोंबणाऱ्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात उतरतात आणि शेजारच्या पेशीला निरोप देण्याऐवजी आपला माल थेट रक्तात सोडतात. ते रक्त कासेत पोहोचले की दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात व दूध सडांकडे ढकलले जाते. गाईच्या कासेत सडांच्या वरच्या पोकळीत थोडे दूध आधीच उतरलेले असते, म्हशीच्या कासेत ते फारच कमी असते; म्हणून म्हशीपुढे घाई चालत नाही.

चेतापेशी ग्रंथीसारखी वागते, हे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशाच्या मेंदूत पाहून मांडले, तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते. १९४१ मध्ये ईली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले, तरी पान्हा दोन्ही बाजूंना आला. म्हणजे निरोप रक्तातूनच येत होता. कागदी पिशव्या फोडून गाईला दचकवले, तेव्हा मात्र दूध उतरेना. भीतीने ऑक्सिटोसिन सुटणे अडते, आणि भीतीच्या वेळी सुटणाऱ्या ॲड्रेनॅलिन या संप्रेरकामुळे कासेच्या रक्तवाहिन्याही आकसतात. परक्या हाताला म्हैस दाद देत नाही, ती यामुळेच.

ऑक्सिटोसिन हेच संप्रेरक प्रसूतीच्या कळा वाढवते आणि मेंढीला आपल्या कोकराचा लळा लावते. रेडकू दगावलेल्या म्हशीला रोज याचेच इंजेक्शन टोचण्याची चाल काही गोठ्यांत आहे, ती पाहून मला फार वाईट वाटते. सवय लागलेले जनावर पुढे सुईवाचून पान्हवत नाही. आजीची एक म्हैस अशीच रेडकावाचून राहिली होती. पेंडीचे घमेले पुढे ठेवून, पाठीवरून हात फिरवत, आजीने तिला आठवडाभरात पान्हवायला लावले होते.