एसी लावला की रेंज किती उतरते?

इलेक्ट्रिक गाडी म्हटली की हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याला उत्तर टक्क्यांत हवं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण एकच टक्का सांगता येत नाही. एसी वीज खातो ती तासावर, किलोमीटरवर नाही.

उन्हात तापलेली केबिन गार करताना सुरुवातीची काही मिनिटं कॉम्प्रेसर अडीच-तीन किलोवॉट ओढतो. नंतर साधारण एक किलोवॉट, म्हणजे तासाला एक युनिट. आता द्रुतगती मार्गावर ताशी 80 ने तासभर चाललात, तर गाडीला चालायलाच 12 च्या आसपास युनिट लागतात. एसीचं एक वाढलं, म्हणजे जेमतेम आठ टक्के. तोच तास हिंजवडीच्या कोंडीत 15 किलोमीटर सरकण्यात गेला, तर चालायला दोन युनिट आणि एसीचं एक. खर्च थेट दीडपट! पण गेलं ते एकच युनिट. त्यासाठी काचा उघडून घाम गाळण्यात काही अर्थ नाही.

बसताना आधी मिनिटभर काचा खाली घ्या, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. मग काचा बंद, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) चालू, तापमान 24-25 वर आणि मोड ऑटो. 'लो' वर ठेवलं की कॉम्प्रेसर दम घेत नाही, एवढंच होतं.

हीटरची गोष्ट वेगळी. पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता आयती मिळते. इथे ती विजेवर तयार करावी लागते. त्यासाठीचा पीटीसी हीटर म्हणजे पाणी तापवायच्या रॉडचाच भाऊ: एका युनिटला फार तर एका युनिटाची उष्णता. एसी उष्णता तयार करत नाही, नुसती आतून बाहेर टाकतो, म्हणून तेवढ्याच विजेत दोन-तीन पट काम होतं. शिवाय नागपुरात 44 अंशांवरून 25 वर यायचं तर फरक 19 चा, टोरांटोत उणे 10 वरून 21 वर जायचं तर 31 चा. तिकडे गाडी घेणाऱ्यांनी हीट पंप आहे का ते आधी विचारावं. तो एसीच उलटा चालवतो; कडाक्याच्या थंडीत त्याचाही फायदा घटतो, पण तरी तो रॉडपेक्षा बरा. सीट हीटरला शंभर वॉटही पुरतात, म्हणून आधी सीट तापवा, मग हवा.

निघण्याआधी 15-20 मिनिटं, चार्जर लावलेला असतानाच अ‍ॅपवरून केबिन तापवा किंवा गार करा. मात्र घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून तीन किलोवॉटच्या आसपासच मिळतात. हीटरने पाच मागितले तर उरलेले बॅटरीतूनच जाणार.

पावसाळ्यात काचेवर वाफ धरली की आधी आतून बोट फिरवून बघा. वाफ आतली असेल तर एसी चालू, बाहेरची हवा आत, झोत काचेवर आणि तापमान थोडं वर. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती कोरडी हवा पुन्हा कोमट करतो. दोन्ही एकदम चालतात, वीज जाते, जाऊ द्या. समोरचं दिसणं महत्त्वाचं. वाफ बाहेरची असेल तर काच जास्त गार झालेली असते. वायपर मारा आणि झोत काचेवरून काढा.

मे महिन्यात फास्ट चार्जरवर बसल्या बसल्या एसी कोमट वाटला तर लगेच गॅस संपला म्हणू नका. बऱ्याच गाड्यांत तोच कॉम्प्रेसर बॅटरीही गार करतो, आणि तेव्हा बॅटरीचा नंबर पहिला.

गॅस खरंच भरायचा असेल तर कोपऱ्यावरच्या एसीवाल्याकडे नको. या कॉम्प्रेसरची हाय-व्होल्टेज मोटर तेलात भिजलेली असते, म्हणून त्यात वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. पेट्रोल गाड्यांचं पॅग तेल गॅस भरायच्या मशीनच्या नळीतून थोडं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन उतरतं आणि गाडी चालू व्हायलाच नकार देऊ शकते. मशीन इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळं ठेवलंय का, तेल कोणतं, हे विचारूनच नळी लावू द्या.