नंदाजी, भेराजी आणि आमचे मराठी घर

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीत एक खोल कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ होता. बटण फिरवले की तो लगेच बोलत नसे. आधी आतले व्हॉल्व्ह तापत, मग काचेमागचा हिरवा डोळा हळूहळू उजळे आणि त्यानंतर दुरून कोणी चालत यावे तसा आवाज जवळ येई. गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये जाळीची एरियल ताणलेली होती. दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सची फी भरणे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून आणणे हे काम मी शाळकरी वयापासून केले आहे. ती पुस्तिका घरात रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलेली असे, इतके त्या यंत्राचे महत्त्व होते.

इंदूरचे आकाशवाणी केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले होते. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, सीताकांत लाडांची कल्पना आणि वर्षभरात ५६ गीते, हा इतिहास मराठी घरांत पाठ असतो आणि तो तसा असायलाच हवा. पण त्याच वर्षी आमच्या गावात, मालवा हाउस नावाच्या इमारतीत, ज्या लोकांनी मायक्रोफोनसमोर बसून एका संपूर्ण प्रदेशाला त्याचीच बोली ऐकवली, त्यांच्याविषयी मराठीत फारसे काही लिहिलेले मला आढळले नाही. इंदुरातल्या मराठी माणसांनी तरी ते लिहायला हवे होते, कारण त्या लोकांचे ऋण आमच्यावर दुहेरी आहे.

दुहेरी का, ते सांगतो. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेल्या अनेक मराठी घरांप्रमाणे आमचे घरही पिढ्यान् पिढ्या इथे राहिले, तरी माळवी बोली आमच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी, एवढ्यावर आमचे भागत असे. दूधवाला, भाजीवाली, गव्हाची पोती घेऊन येणारा शेतकरी ही सगळी माणसे आपापसांत माळवीत बोलत आणि आमच्याशी बोलताना हिंदीकडे वळत. ते आपल्यासाठी भाषा बदलत आहेत, हेही आमच्या कधी लक्षात आले नाही. ते लक्षात आणून दिले संध्याकाळच्या, गावकऱ्यांसाठी असलेल्या कार्यक्रमातल्या नंदाजी आणि भेराजी या जोडीने. नंदाजी म्हणजे कृष्णकांत दुबे आणि भेराजी म्हणजे सीताराम वर्मा. पण ही खरी नावे आम्हांला फार उशिरा कळली. आमच्या लेखी ती पारावर बसलेली दोन शहाणी माणसे होती आणि रोज संध्याकाळी ती आमच्या माजघरात येत.

आजी त्या वेळी सुपात डाळ किंवा तांदूळ घेऊन रेडिओखाली निवडायला बसे. सुरुवातीला तिला त्यातले निम्मे कळत नसे. माळवीत 'बात' या शब्दाचा उच्चार 'वात' असा होतो, त्यामुळे ही दोघे सारखी समईच्या वातीविषयी काय बोलतात, असे तिने एकदा काकांना अगदी मनापासून विचारले होते. काकांनी अर्थ सांगितला आणि तेव्हापासून आजी कान देऊन ऐकू लागली. वर्षभराने एके सकाळी दूधवाल्याने म्हैस आटल्याची तक्रार सांगितली, तेव्हा आजी दारातूनच 'हऊ' म्हणाली. 'हऊ' म्हणजे माळवीतला 'बरं' किंवा 'हो'. तो माणूस पातेल्यात दूध ओतता ओतता थांबला, त्याने वर पाहिले आणि मग आपल्या म्हशीची सगळी हकीकत त्याने माळवीत सांगितली. त्याच्या बायकोचे नाव, त्याच्या गावाचे नाव आणि धाकट्या मुलाच्या डोळ्याचे दुखणे हे सारे आम्हांला त्या सकाळी कळले. तो आमच्याकडे तोवर अकरा वर्षे दूध घालत होता.

आपण दोघांच्या गप्पा ऐकत आहोत असेच ऐकणाऱ्याला वाटावे, पण त्या गप्पांतून खताचे प्रमाण, पेरणीची वेळ, बी-बियाण्यांची निगा आणि मुलांच्या लसीकरणाची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचावी, ही किमया वाटते तितकी सोपी नाही. एकाने भोळेपणाने शंका काढायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, मात्र शंका काढणारा मूर्ख ठरता कामा नये, कारण ऐकणाऱ्याच्या मनातही तीच शंका असते. हे तारतम्य त्या जोडीकडे होते. माळव्यातली काळी जमीन पूर्वी खरिपात बरीचशी मोकळी ठेवत आणि रब्बीत तिच्यात गहू-हरभरा घेत. सत्तरच्या दशकात त्या मोकळ्या जमिनीत सोयाबीन आले आणि बघता बघता माळव्याचे शिवारच बदलून गेले. सोयाबीन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्या कोनाड्यातल्या रेडिओवर, माळवी हेल काढून उच्चारलेला.

हा प्रयोग एकट्या इंदूरचा नव्हता. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावांमध्ये श्रोत्यांची मंडळे बसवली होती. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे, अशी ती पद्धत होती. त्याच पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम व्यंकटेश माडगूळकरांनी अनेक वर्षे सांभाळले. त्यांच्या कथा सगळ्यांनी वाचल्या आहेत, परंतु त्यांच्या रेडिओवरच्या नोकरीचा उल्लेख चरित्रातल्या एका ओळीत संपतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत रोजच्या रोज लिहून घेणे आणि ते वेळेत बसवणे हेही लेखनच आहे.

इंदूर केंद्र सुरू झाले तेव्हा नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर होते. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत त्यांनी चित्रपटगीतांना आवर घातला आणि त्यापायी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, हे खरेच आहे. १९५७ साली विविध भारती काढावी लागली ती त्यामुळेच. तरीही १९५२ साली सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे आमच्या आजीसारख्या, मैफलीला कधीच न गेलेल्या बाईला घरात बसून मोठमोठे गवई ऐकता आले. तेवढ्यासाठी मी केसकरांविषयी कडवट बोलू शकत नाही.

रात्री आकाश स्वच्छ असले की मध्यमलहरींवर दूरची केंद्रे लागत. वडील काटा अगदी केसभर सरकवत मुंबई ब केंद्र शोधत, ५३७.६ मीटरवरचे. खरखरीतून एखादे मराठी वाक्य वर येई, पुन्हा बुडे. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी यांची 'प्रपंच' ही कौटुंबिक श्रुतिका मुंबईच्या आमच्या नातेवाइकांना स्वच्छ ऐकू येई. आमच्या वाट्याला तिच्यातली अर्धीमुर्धी वाक्ये येत आणि उरलेली आई जुळवून सांगे. त्यातल्या मीनावहिनींचा, म्हणजे नीलम प्रभूंचा, आवाज लागला की आमचे घर तेवढ्यापुरते महाराष्ट्रात जाई. आणि संध्याकाळी भेराजींचा आवाज लागला की ते माळव्यात परत येई.

आमचे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, मालवा हाउसमध्ये नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम करत. महिन्यातून ठरावीक दिवस बोलावणे येई, तेवढ्याच दिवसांचे मानधन मिळे आणि इतर वेळी ते शिकवण्या करत. सकाळच्या पाळीला ते अंधारात सायकलवर निघत, कारण केंद्राची धून, मग वंदे मातरम् आणि मग सनईची मंगलध्वनी हा क्रम एक सेकंदही पुढेमागे होऊन चालत नसे. स्टुडिओत शिरण्याआधी ते संहितेच्या कागदांची टाचणी काढून ठेवत, कारण पान उलटल्याचा आवाज मायक्रोफोनला पावसासारखा ऐकू येतो. पान उलटायचे नाही, अलगद उचलून बाजूला सरकवायचे. महिला उद्घोषकांना हातातल्या काचेच्या बांगड्या बाहेर काढून ठेवाव्या लागत, हेही त्यांनीच सांगितले होते. नभोनाट्यात घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आणि ढगांच्या गडगडाटासाठी पत्रा वापरत, आणि तो पत्रा किती जोरात हलवायचा याची तालीम संवादांइतकीच कसून होई.

त्यांच्या हातात मला सर्वांत आवडलेले कौशल्य म्हणजे फितीचे संपादन. स्पूलवरची फीत यंत्रातून सेकंदाला साडेसात इंच पळत असे. वक्ता मध्येच अर्धा सेकंद खोकला तर पावणेचार इंच फीत कापायची. ते दोन्ही हातांनी स्पूल मागेपुढे हलवत खोकल्याची नेमकी सुरुवात कानाने शोधत, तिथे पिवळ्या पेन्सिलीची खूण करत, ब्लेडने तिरका छेद देत आणि चिकटपट्टीने दोन टोके जोडत. छेद तिरका घेतला तर जोड ऐकू येत नाही, असे ते सांगत. मात्र श्वास कापायचा नाही, हा त्यांचा नियम होता. श्वास कापला की बोलणारा माणूस मेल्यासारखा वाटतो, असे ते म्हणत, आणि आज संगणकावर कापलेली, श्वासहीन निवेदने ऐकताना मला ते वाक्य आठवते.

काका गेले त्यानंतर दोन वर्षांनी आमच्याकडच्या एका मंडळाने जुन्या रेडिओ-कलावंतांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरवला. व्यासपीठावर तसबिरी होत्या, हार होते, शाली होत्या, भाषणे झाली, परंतु ज्यांचे आयुष्य आवाजात गेले त्यांच्यापैकी एकाचाही आवाज त्या दोन तासांत सभागृहात ऐकू आला नाही. मी आधी ध्वनिफितींसाठी बरीच खटपट केली होती. काकांच्या आवाजाची एकही फीत उरलेली नाही, असे उत्तर मला मिळाले. स्पूल महाग असत आणि कार्यक्रम प्रसारित झाला की तीच फीत पुसून पुन्हा वापरत. त्या काळाच्या काटकसरीला मी दोष देत नाही. पण ज्या काळात एक तास आवाज जतन करायला काहीच खर्च येत नाही, त्या काळात तसबिरीला हार घालून आपण मोकळे होतो, याची मला फार खंत वाटते. हयात असलेल्यांकडून तरी एकेक तास बोलून घ्यावा, असे मी त्या दिवशी सुचवले. लोकांनी माना डोलावल्या आणि चहाकडे निघून गेले.

मग ४ मे २०२१ रोजी करोनाने प्रभु जोशी गेले. देवास जिल्ह्यातल्या पीपलरावाँचा हा माणूस हिंदीतला नावाजलेला कथाकार होता, जलरंगांतला चित्रकार होता आणि त्याने आयुष्याची बरीच वर्षे इंदूर आकाशवाणीत काढली. त्यांच्या कथा छापलेल्या आहेत, चित्रे लोकांच्या भिंतींवर आहेत. रेडिओसाठी त्यांनी जे केले ते मात्र मुख्यतः ज्यांनी ऐकले त्यांच्या कानांतच उरले आहे, आणि ते कानही आता म्हातारे झाले आहेत. त्या उन्हाळ्यात इंदुरात रोज कोणी ना कोणी जात होते आणि घराबाहेर पडता येत नव्हते. त्याच दिवसांत मी माळ्यावरची काकांची पत्र्याची ट्रंक खाली काढली.

ट्रंकेत सायक्लोस्टाइल केलेल्या संहितांचा गठ्ठा होता, सगळे कागद सुटे, टाचणी कुठेच नाही. समासात काकांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. तिरकी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण थांबणे, शब्दाखालची रेघ म्हणजे वजन. माळवी नावांचे उच्चार त्यांनी मराठी धाटणीच्या देवनागरीत बाजूला लिहून ठेवले होते, म्हणजे इंदुरात जन्मलेला हा मराठी माणूस दर वेळी त्या बोलीची तयारी करून जात होता. विहिरीच्या पाण्यात औषध टाकण्याविषयीच्या एका संहितेच्या डोक्यावर '४ मि. ५० से.' असे लिहिले होते. पाच मिनिटांचा अवकाश, त्यातले शेवटचे दहा सेकंद पुढच्या उद्घोषणेसाठी.

मी घड्याळ समोर ठेवून ते मोठ्याने वाचले. पहिल्या खेपेला मला सव्वासहा मिनिटे लागली. दुसऱ्या खेपेला मी घाईने वाचले आणि चार मिनिटांतच संपवले. तिसऱ्या खेपेला मी घड्याळाकडे पाहायचे सोडले आणि काकांनी जिथे जिथे तिरकी रेघ मारली होती तिथेच श्वास घेतला, दोन रेघा आल्या तिथे थांबलो. शेवटच्या ओळीवर मान वर केली तेव्हा चार मिनिटे बावन्न सेकंद झाले होते.