केरी ते तळपण: होडी रस्त्यावरून नेताना

मामाची सतरा फुटी फायबरची होडी गोव्यातल्या पेडण्याच्या केरीहून काणकोणातल्या तळपणला न्यायची होती. समुद्रातून नेली असती तर डिझेलचा प्रश्न नव्हता, पण मामाचे वय आणि होडीचे वय दोन्ही बघता आम्ही रस्ता धरला. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत. माझी पिकअप, एका ओळखीच्याकडून घेतलेला जुना एकआसी ट्रेलर आणि दिवस पौष पौर्णिमेचा. दिवस मामाने निवडला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साडेअकराच्या सुमारास उधाणाचे भरपूर पाणी आणि होडी उतरवायला सोपे.

आदल्या दिवशी वजनकाट्यावर ट्रेलर एकटा उभा करून तोलला. होडी, इंजिन, जाळी, नांगर धरून ६२० किलो भरले. माझ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ट्रेलरना नसतातच. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे. आपण त्याच्या आत आहोत म्हणून मी खूश. शिवाय ट्रेलरचा दांडा मी एका हाताने उचलून हुकावर ठेवला. 'बघा, किती हलका!' असे मामाला अभिमानाने सांगितलेही. सगळ्यात मोठी चूक तीच होती, पण ते कळायला धारगळ यावे लागले.

सहाला निघालो. केरीहून पेडण्याला येताना गावातले रस्ते अरुंद. वळणावर ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून गाडी आधी पुढे काढून मग वळवावी लागते. एका घराची कुंपणाची भिंत वीतभर अंतराने वाचली. महामार्गाला लागलो तसा हायसे वाटले आणि पाय आपोआप खाली गेला.

धारगळजवळ उतारावर काटा पासष्टच्या पुढे होता. मागून आलेली एक आरामबस ओव्हरटेक करून गेली, तिच्या वाऱ्याने ट्रेलर जरा हलला आणि मग हलतच राहिला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, प्रत्येक वेळी जास्त. गाडीची मागची बाजू कोणीतरी धरून झुलवते आहे असे वाटत होते. माझा पाय ब्रेककडे गेला तसा मामा ओरडला, "ब्रेक मारूं नाका!" त्याला ट्रेलरचे काही कळत नाही, पण लाटेवर होडी आडवी होऊ लागली तर काय करायचे नाही हे पक्के कळते. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, हलण्याच्या उलट फिरवायचा मोह आवरला. वेग पंचेचाळीसवर आल्यावर झोके थांबले. अशा वेळी जोरात ब्रेक मारला की मागचे वजन गाडीला ढकलते आणि दोन्ही वाहने मध्येच दुमडतात. स्टिअरिंगने सावरायला गेलात तर बहुतेक वेळा झोका वाढतोच.

कोलवाळला एका भंगारवाल्याच्या दुकानासमोर गाडी लावली. दुकान उघडेपर्यंत भाजी-पाव खाल्ला. त्याच्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, ट्रेलर गाडीला जोडल्यावर असतो तितक्याच उंचीवर दांडा टेकवला. भरले २२ किलो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा, माझा चार टक्केही नव्हता. कारण उघड होते. चाळीसेक किलोचे इंजिन होडीच्या पिछाडीला लटकलेले आणि जाळ्यांचा ढीगही तिथेच. आसाच्या मागे वजन गेले की दांडा हलका लागतो आणि ट्रेलरला झुलायची सवय लागते. दांडा एका हाताने सहज उचलला गेला तर खूश होऊ नका, घाबरा.

इंजिन काढून पिकअपच्या हौद्यात, केबिनला टेकवून बांधले. जाळी उचलून होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला ठेवली. परत तोलले तेव्हा हुकावर ७० किलो, एकूण ५८० पैकी. एवढ्यानेच गाडी वेगळी झाली. (उलट टोकालाही जाऊ नका. दांडा फार जड झाला की पिकअपची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागते.) तिथेच बाकीचेही तपासले. सेफ्टी चेन दांड्याखालून एकमेकींवर फुली मारून अडकवायच्या, म्हणजे हूक सुटला तरी दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलला जातो. पट्ट्यांना एकेक पीळ दिला, सपाट पट्टा वाऱ्यात फडफडून हळूहळू सैल होतो. चाकांच्या नटांनाही पुन्हा पाना लावला. नुकतेच चाक बसवले असेल तर पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर हे करावेच.

म्हापसा, पर्वरीतली उड्डाणपुलाच्या कामाची गर्दी, अटल सेतू, सगळे पन्नास-पंचावन्नने. नव्या झुआरी पुलावर उंचावरचा वारा आडवा लागतो, तिथे चाळीस. एकदाही झोका आला नाही.

वेर्ण्याच्या पठारावर थांबून सवयीने ट्रेलरच्या चाकांचे हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) चाचपले. डावा कोमट, उजव्यावर हात ठेववेना. हा ट्रेलर आधी खाऱ्या पाण्यात बुडवलेला. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. गॅरेजात उघडला तर ग्रीस दुधासारखे पांढरे. बेअरिंग अजून शाबूत होते. धुऊन, नवे ग्रीस भरून, नट घट्ट करून पुन्हा किंचित सैल सोडला आणि नवी पिन घातली. सव्वा तास गेला. निघण्याआधी हे घरी केले असते तर भरती चुकायची धास्ती राहिली नसती. प्रत्येक थांब्यावर हबला हात लावा, खर्च काही नाही. आणि ट्रेलरसाठी वेगळे सुटे चाक घ्या, पिकअपचे त्याला बसतेच असे नाही.

करमल घाटात चढताना तिसरा, उतरताना आधीच दुसरा गिअर. घाटाच्या माथ्यावरच गिअर उतरवायचा, मध्ये नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापून मऊ पडतो, म्हणून थोडा दाबायचा, सोडायचा. मागे रांग झाली की रुंद जागा बघून सगळ्यांना जाऊ दिले. दोघे हॉर्न वाजवत गेले, एकाने हात केला.

तळपणला पोहोचलो तेव्हा सव्वाबारा. ओहोटी लागली होती, पण पाणी अजून बऱ्यापैकी होते. घाई असूनही हब गार होईपर्यंत पंधरा मिनिटे थांबलो. तेवढ्यात चाकांखाली फळ्या टाकल्या. ट्रेलर मागे नेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा. हात ज्या बाजूला नेता, ट्रेलरही त्याच बाजूला जातो. तरी तीन वेळा पुढे घ्यावे लागले. मामा पाण्यात उभा राहून म्हणत होता, "सवकास वच रे, सवकास."

परतीची तयारी करताना दोन्ही हबवर गोडे पाणी ओतले. ट्रेलरचा स्वतःचा नंबर, आरसी आणि विमा असतो, ते कागद पिकअपच्या कागदांबरोबर ठेवा. जाताना चिंबलजवळ कागद विचारले, येताना कोणी विचारले नाहीत. आणखी एक: रिकामा ट्रेलर भरलेल्याहून जास्त उड्या मारतो. कुंकळ्ळीच्या प्रत्येक गतिरोधकावर वाटत होते, मागे काहीतरी सुटून पडले.