पोर, लेकरू आणि पाल्य

आज साताऱ्यात नातवाच्या शाळेतील पालकसभेत "आमची पोरं सकाळी उपाशीच येतात, तेव्हा मधली सुट्टी थोडी लवकर करा," एवढेच मी म्हणालो, तर शेजारच्या बाकावरील एका ताईंनी, "काका, 'मुले' म्हणा, 'पोरं' बरे दिसत नाही," असे सौम्यपणे, परंतु सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सुचवले. सुट्टीचा विषय तिथेच राहिला.

पोवई नाक्यापर्यंत चालत येताना तोच शब्द डोक्यात घोळत होता. 'पोर' तो, ती आणि ते अशा तिन्ही लिंगांत चालतो, आणि आमच्याकडे त्यात कमीपणा असलाच तर तो सुरात असतो. 'पोरी, जपून जा गं' म्हणणाऱ्या म्हातारीने सुनेचा अपमान केला, असे कोणी म्हणणार नाही. ('कार्टं' मात्र मीही चारचौघांत वापरत नाही.) विदर्भातील 'पोट्टं' किंवा मालवणीतील 'झील' आणि 'चेडू' ऐकून इकडचा माणूस दचकतो, पण तिकडे ते रोजचेच शब्द आहेत. उलट, शाळेच्या सूचनापत्रातील 'आपला पाल्य' वाचताना मला कोणाचाच चेहरा दिसत नाही.

तरीही ताईंची हरकत अगदीच निराधार नाही: हॉटेलात टेबल पुसणाऱ्या परक्या मुलाला आपण 'ए पोरा' अशी हाक मारतो, तेव्हा त्यात माया नसते.

घरी आल्यावर नातवालाच विचारले, तर चपलेचा बंद सोडवत तो म्हणाला, "आबा, तुम्ही तर मला गाढवच म्हणता की!"