पाचट किती, आणि कोणत्या भावाला?

आमच्या सांगली जिल्ह्यात उसाच्या पाचटावर (तोडणीनंतर रानात उरणाऱ्या वाळलेल्या पानांवर) वीज तयार करायची म्हटले की पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे ‘पाचट किती निघेल?’ गेली काही वर्षे मी या अंदाजांचेच काम करतो आणि आता माझे ठाम मत झाले आहे की भाव सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. एकरी तीन ते चार टन वाळलेले पाचट धरायचे, उसाच्या क्षेत्राने गुणायचे आणि आलेला आकडा ‘उपलब्ध इंधन’ म्हणून अहवालात लिहायचा, ही पद्धत सोपी आहे. पण त्या आकड्यातले किती पाचट बॉयलरपर्यंत पोहोचेल, हे शेतकऱ्याच्या बांधावर ठरते.

आधी गरज किती ते पाहू. बायोमासच्या प्रकल्पात एक युनिट वीज तयार करायला साधारण ४,२०० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि इंधनाचा उष्मांक किलोला ३,१०० किलोकॅलरी धरला तर युनिटमागे सुमारे १.३५ किलो इंधन जळते. म्हणजे १० मेगावॅटचा प्रकल्प वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालवायचा तर जवळजवळ ९५ हजार टन इंधन हवे. इंधनाच्या भावात टनाला १०० रुपयांचा फरक पडला की विजेच्या खर्चात युनिटमागे साडेतेरा पैशांचा फरक पडतो, त्यामुळे पोहोच भाव (प्रकल्पाच्या दारात पडणारा टनाचा भाव) २,५०० रुपये असेल तर नुसते इंधनच युनिटला ३ रुपये ४० पैशांना पडते आणि ४,००० रुपये झाला तर ५ रुपये ४० पैशांना. इतक्या अरुंद पट्ट्यात सगळा व्यवहार बसवायचा असतो, म्हणून पुरवठा वक्र, म्हणजे कोणत्या भावाला किती पाचट मिळेल याचा आलेख, नीट काढणे महत्त्वाचे.

या वक्राची पहिली पायरी म्हणजे जे शेतकरी पाचट पेटवूनच देतात त्यांचे पाचट. ते जवळजवळ फुकट मिळेल असे आपण गृहीत धरतो, पण तेही तितकेसे खरे नाही. पाचट जाळले की त्यातला नत्र हवेत जातो, पालाश मात्र राखेतून बराचसा रानातच राहतो. विकले की तोही जातो. (हाच पालाश पुढे बॉयलरमध्ये राख वितळवतो आणि नळ्यांवर क्लिंकर (वितळलेल्या राखेचा कडक थर) धरतो, म्हणजे जिथे हवा तिथून काढून जिथे नको तिथे आपण तो नेतो.) दुसरी पायरी पाचटाचे आच्छादन करणाऱ्यांची, म्हणजे ते रानातच पसरून ठेवणाऱ्यांची. पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र असतो, म्हणजे टनामागे ५ किलो. तेवढा नत्र युरियातून घ्यायचा तर ११ किलो युरिया लागतो आणि ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली तर त्याचे जेमतेम ६५ रुपये होतात. कागदावर ही किंमत इतकी कमी दिसते ती युरियावरच्या अनुदानामुळे. आच्छादनाने वाचणारे पाणी आणि जमिनीला मिळणारा सेंद्रिय कर्ब यांची तर कोणी पावतीच फाडत नाही, पण ज्याने तीन-चार खोडवे (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारी पिके) पाचट ठेवून घेतले आहेत त्याला त्याची किंमत पक्की ठाऊक असते, आणि तो पाचशे रुपयांना हलत नाही.

अंतराच्या बाबतीत पुस्तकी हिशेब असा की प्रकल्पाभोवतीचे वर्तुळ १० किलोमीटरवरून २० किलोमीटरवर नेले की क्षेत्र चौपट होते आणि सरासरी वाहतूक फक्त दुप्पट, म्हणून भाव थोडा वाढवला की पुरवठा भरभरून येईल. आपल्याकडचा ऊस मात्र वर्तुळात पिकत नाही. तो कृष्णा आणि वारणेच्या काठाने पट्ट्यात पिकतो, आणि पट्ट्यात अंतर दुप्पट केले तर पाचटही दुप्पटच मिळते. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने हा पट्टा रुंदावला आहे हे खरे, पण पूर्वेला जत-आटपाडीकडे सरकावे तसा ज्वारीचा कडबा लागतो, आणि कडबा हा जनावरांचा घास आहे. माझ्या हिशेबात त्याचे इंधन कोणत्याही भावाला शून्य. तासगावकडच्या द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्या मिळतात, पण थोड्या आणि ठरावीक दिवसांतच.

भावाइतकीच दुसरी एक गोष्ट असते, ती मला वाळव्यातल्या आमच्या तात्यांनी शिकवली. तोडणी झालेल्या रानात वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधावर रचून ते उभे होते, पायाखाली वीतभर पाचटाचा थर होता, आणि मी वही उघडून विचारत होतो, “तात्या, टनाला पाचशे दिले तर? हजार दिले तर?”

“पैशाचं नंतर बघू,” ते म्हणाले, “आदी उचलनार कवा त्ये सांग. आठ दिस पाचट पडून राह्यलं तर खोडव्याचं पानी थांबतंय. तुझा हजार रुपया फुटव्याला पुरंल व्हय?”

माझ्या तोवरच्या कोणत्याही तक्त्यात दिवसांचा रकाना नव्हता. गाळप हंगामात सगळ्यांची तोडणी एकाच काळात चालते, गासड्या बांधणारी यंत्रे मोजकी असतात आणि यंत्र उशिरा आले तर शेतकरी काडी ओढून मोकळा होतो. तेव्हा भाव वाढवून जेवढे पाचट मिळते त्यापेक्षा जास्त पाचट वेळेवर यंत्र पाठवून मिळू शकते, आणि तो खर्चही पोहोच भावातच धरायला हवा. त्यात पुढे पावसाळ्यापर्यंतची साठवण आणि तिथली नासाडीही आली.

आता मी भाव, दिवस आणि रानात किती ठेवणार असे तीन प्रश्न विचारतो. तात्यांचे उत्तर वहीत असे आहे: हजार रुपये, तोडणीनंतर चार दिवसांच्या आत, आणि निम्मेच. ते निम्मे पाचट मी हजाराच्या पायरीवर मांडले आहे; उरलेले निम्मे वक्रावर कुठेच नाही.