आवाज सोसत नाही म्हणून दिवसभर कान बंद करून बसू नका

चमचा ताटलीवर आपटला, प्लास्टिकची पिशवी चुरगळली, कुणी खुर्ची ओढली की टाचणी टोचल्यासारखा कान दुखतो, आणि वर आजूबाजूचे म्हणतात "एवढं काय त्यात?" हे ज्यांचं रोजचं आहे त्यांच्यासाठी लिहितेय, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांसाठी तर जास्तच. याला हायपरअक्युसिस म्हणतात. नखरे नाहीत, खरा त्रास आहे.

घोळ कुठे होतो, तर कानाची टेस्ट केली की रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो, मग घरच्यांना वाटतं काहीच झालेलं नाही. अहो पण ती टेस्ट बारीकात बारीक आवाज ऐकू येतो का ते बघते, मोठा आवाज किती सहन होतो ते नाही. ते वेगळं मोजतात, आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आणि नकोसा झाला की पेशंटने थांबवायचं. बहुतेकांना साधारण ९० ते १०० डेसिबलपर्यंत चालतं, यांना त्याच्या बरंच आधी असह्य होतं, काहींना तर साधं बोलणंसुद्धा, जे ६० च्या आसपास असतं. टेस्टला जाल तेव्हा आत बसायच्या आधीच सांगा की मोठा आवाज सोसत नाही, कारण कानाच्या काही तपासण्यांत मुद्दाम मोठे आवाज सोडतात.

कारणं बरीच असतात. खूप मोठ्या आवाजाचा दणका, डोक्याला मार, मायग्रेन, कानात सतत गुणगुण. चेहऱ्याच्या नसेला लकवा झाला तरी होतं, कारण आवाज मोठा आला की कानातलं एक हाड आवळून धरणारा इवलासा स्नायू त्याच नसेवर चालतो. आणि बऱ्याच जणांत मूळ दुखणं मेंदूत असतं असं मानतात, कानाकडून कमी यायला लागलं की मेंदू आलेलं सगळं वाढवून ऐकायला लागतो.

म्हणूनच इअरप्लगबद्दल एवढं कळकळीने सांगतेय. माझ्या ताईला हा त्रास सुरू झाला तेव्हा ती घरात, झोपताना, जेवताना सगळीकडे प्लग घालायची, आम्हालाही वाटायचं तेवढाच आराम. पण महिन्यागणिक तिला आणखी बारीक आवाज टोचायला लागले. २००३ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे प्लग घालायला लावले तर नंतर त्यांना तेच आवाज मोठे वाटायला लागले, आणि ज्यांच्या कानात हलकी सळसळ सोडत ठेवली होती त्यांना उलट बारीक वाटायला लागले. उपचार बराचसा याच धर्तीवर आहे. कानात छोटं मशीन लावून अगदी मंद, पावसासारखा एकसुरी आवाज रोज काही तास, त्रास होणार नाही इतकाच, आणि तो हळूहळू वाढवायचा. सोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलून करायची थेरपी, कारण आवाज यायच्या आधीच अंग आखडून बसतं ना, ती धास्ती कमी व्हायला लागते. महिने लागतात, मध्येच वाईट दिवस येतात, तरी सोडू नका. ड्रिल किंवा स्पीकरच्या भिंतीपाशी प्लग जरूर घाला, शांत खोलीत नको.

दुसऱ्याच्या चावण्याच्या, सुरसुर करण्याच्या आवाजाने डोक्यात तिडीक जात असेल तर तो मिसोफोनिया, तिथे आवाज मोठा असायची गरजच नसते, त्यामुळे उपचारही जरा वेगळे. बरं, त्रास अचानक एकाच कानात आला, सोबत चक्कर आली, तोंड वाकडं झालं किंवा डोळे फिरवल्याचा आवाज कानात यायला लागला तर घरगुती काही करत बसू नका, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

घरच्यांनो, मिक्सर लावायच्या आधी फक्त "लावतोय हं" एवढं म्हणा. आमच्याकडे याचा ताईला खूप फरक पडला.