दीड रुपया, म्हणजे दोन शिलिंग

खजुरी बाजारात मी गेलो होतो ते मुलीच्या सातवीच्या गणिताच्या गाईडसाठी. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, अख्ख्या इंदूरचे आईबाप त्या गल्लीत कोंबलेले, स्कूटरला स्कूटर अडकलेली, आणि आमचा नेहमीचा दुकानदार माळ्यावर चढून वरून गठ्ठे फेकत होता. उभं राहायला जागा नाही म्हणून मी लहान मुलांच्या पुस्तकांच्या ढिगापाशी सरकलो. चित्रकथा, रंग भरायची पुस्तकं, बाराखडी, आणि त्यातच एक पातळसं मळकट पुस्तक, वर इंग्रजीत लिहिलेलं 'द जंगल बुक'. मोगली नाही, वाघ नाही, चित्र म्हणून काहीच नाही. खाली बारीक अक्षरांत मिलिटरी ट्रेनिंग पॅम्फ्लेट नंबर 9, इंडिया, 1943.

आता हे काय आहे ते मला माहीत होतं आणि दुकानदाराला नव्हतं, आणि या जुन्या लष्करी पुस्तकांच्या धंद्यात (माझा धंदा नाही, व्यसन आहे, पण असो) सगळा खेळ त्याच एका गोष्टीवर चालतो. 1942 मध्ये जपान्यांनी बर्मातून इंग्रजांना पिटाळल्यावर आपल्या फौजेला जंगलात लढायला नव्याने शिकवावं लागलं, त्यासाठी काढलेलं हे पुस्तक, आणि नाव ठेवणाऱ्या कुणा साहेबाला तेवढ्या धामधुमीतही मोगली आठवला. मी चेहरा एकदम मख्ख केला, बाजूचं एक रंग भरायचं पुस्तक पण उचललं, दोन्ही मिळून पुढे केली. "बच्चों का है, दोनों के चालीस दे दो भैया." दिले. घासाघीस केली असती तर संशय आला असता ना.

घरी मुलीने मोठ्या आशेने उघडलं. दोन पानं उलटली. "बाबा, यात मोगली कुठाय?" गणिताचं गाईड मी विसरून आलो होतो हे तिच्या आईच्या लक्षात आलं ते त्याच्यानंतर.

तर मी जुनी लष्करी पुस्तकं आणि सरकारी प्रकाशनं गोळा करतो. हे वाक्य लग्नाबिग्नात बोललं की समोरचा माणूस 'अच्छा' म्हणतो आणि जेवणाच्या लाइनीकडे बघायला लागतो. नाणी गोळा करणाऱ्याला मान आहे, तिकिटंवाल्याला आहे, जुनी ग्रामोफोन रेकॉर्डवाला तर हीरोच. पण 'जिल्ह्याचं गॅझेटिअर मिळालं' (म्हणजे सरकारने छापलेलं त्या भागाच्या माहितीचं जाडजूड पुस्तक) यावर कुणी टाळी देत नाही. आई विचारते, "काय करून राहिलास रे एवढा वेळ, कुणाची हिस्टरी आहे ती?" आणि बायकोचं म्हणणं साधं आहे, स्वच्छतेत 2017 पासून पहिला नंबर काढणाऱ्या या शहरात रोज सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत दारात येते, ओला वेगळा सुका वेगळा, मग आपल्याच घरात हा सुका एवढा का साठलाय.

पण मला विचाराल तर या पुस्तकांचं सगळ्यात भारी काय, तर त्यांना तुम्हाला खूश करायचं नसतं. लेखक, लेखिका, प्रस्तावना, 'वाचकांच्या हाती देताना आनंद होतो', काही नाही. आवडलं तर वाच नाहीतर जा. इंदूर संस्थानचं 1908 चं गॅझेटिअर घ्या, कॅप्टन ल्युअर्डने केलेलं. राजे, लढाया हे सगळं आहेच, पण खरी मजा मागच्या कोष्टकांत. ज्या परगण्याचं नाव मी आजवर फक्त एसटीच्या पाटीवर वाचलं होतं (आमच्याकडे बसला एसटी फक्त मराठी लोकच म्हणतात, बाकीचे कधीच म्हणत नाहीत) तो तिथे आकड्यांच्या रांगेत गुपचूप बसलेला असतो आणि आपण रात्री साडेअकराला त्या रांगेवरून बोट फिरवत बसतो. कशासाठी? सांगता येत नाही.

आणि इंदुरात हा माल येतो कुठून, तर बहुतेक महूहून. वीस-बावीस किलोमीटरवर छावणी, इन्फंट्री स्कूल तिथे, वॉर कॉलेज तिथे, सिग्नलवाल्यांचं कॉलेज तिथे. नोकरीत तीनदा-चारदा येऊन गेलेले अफसर रिटायर झाल्यावर तिथेच बंगला बांधतात, हवा चांगली म्हणून. पुढे कधीतरी साहेब जातात, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, बंगला विकायला निघतो आणि कपाटातली पुस्तकं किलोवर कबाड्याकडे. कबाडी त्यातलं इंजिनिअरिंगचं आणि इंग्रजी कादंबऱ्या वेगळ्या करतो कारण त्या खपतात, आणि उरलेलं माझ्यासारख्याचं नशीब.

एकदा रिकाम्या वेळात मी ही साखळी मागे मागे नेत गेलो. पुस्तकं महूतून येतात कारण तिथे छावणी आहे. छावणी आहे कारण 6 जानेवारी 1818 ला मंदसौरला होळकरांना इंग्रजांशी तह करावा लागला आणि त्याच वर्षी इंग्रजांच्या माल्कम साहेबाने महूला तळ टाकला. तह झाला कारण 21 डिसेंबर 1817 ला शिप्रेकाठी महिदपूरला आपण हरलो. आदल्या दिवशी कारभार बघणाऱ्या तुळसाबाईला आपल्याच लोकांनी मारलेलं, गादीवर अकरा-बारा वर्षांचं पोर, तोफा आपल्या चांगल्या चालल्या पण पुढे काय व्हायचं ते झालं. म्हणजे सरळ हिशेब केला तर महिदपूरच्या पराभवाचा आजच्या तारखेला फायदा झालेला बहुधा मी एकटाच. हे मी एकदा आमच्या मंडळाच्या कोजागिरीला बोलून दाखवलं. मसाला दूध संपेपर्यंत शेजारी कुणी बसलं नाही.

किमतीचं सांगायचं राहिलं. इंग्रजांच्या काळातल्या सरकारी पुस्तकावर किंमत बऱ्याचदा दोन चलनांत छापलेली असते, रुपये-आण्यांत आणि पलीकडे शिलिंगमध्ये. माझ्याकडे एक रिपोर्ट आहे ज्याचा सालाचा कोपरा उंदराने खाल्लाय, आतलं पहिलं पानही गायब, पण किंमत शाबूत, दीड रुपया किंवा दोन शिलिंग. आता दोन शिलिंग म्हणजे चोवीस पेन्स, भागिले दीड, सोळा. रुपयाला एक शिलिंग चार पेन्स, हा जुना भाव, 1927 मध्ये सरकारने तो एक शिलिंग सहा पेन्स केला. नव्या भावाने दीड रुपयाचे सव्वादोन शिलिंग झाले असते. म्हणजे पुस्तक 1927 च्या आधीचं! हा शोध लागला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि घरात सांगायला जागं कुणीच नव्हतं, शेवटी मी फ्रिज उघडून उरलेली जिलेबी खाल्ली.

लोक म्हणतात आता सगळं नेटवर आहे, पीडीएफ घे. घेतो की, शेकडो घेतलीत. पण लष्करी पुस्तकाचा जीव नकाशात, आणि नकाशा असतो घडी घातलेला, उलगडला तर जेवणाच्या टेबलाएवढा. स्कॅन करणारा कशाला उलगडतोय, घडीसकट दाबून फोटो काढतो, की तुम्हाला पडद्यावर दिसते अर्धी नदी आणि एका गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं. आता इकडची टेकडी तिकडच्या ओढ्याच्या कुठल्या अंगाला ते बसा ओळखत. खऱ्या पुस्तकात तरी नकाशे असतात का, तर तेही मागच्या पाकिटातून सगळ्यात आधी जातात. मी हल्ली विकत घेताना आधी मागचं पाकीट चाचपतो, बायका भेंडीचं टोक मोडून बघतात तसं.

एक खंड आहे माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या फौजेच्या अधिकृत इतिहासाचा, बिशेश्वर प्रसादांनी संपादन केलेली ती मालिका. युद्धाची गोष्ट मी अजून पुरती वाचलेली नाही, पण त्याचं पहिलं पान मी सगळ्यांना दाखवतो. काम करणाऱ्या खात्याच्या नावापुढे लिहिलंय 'इंडिया अँड पाकिस्तान'. फाळणी झाली, 47-48 मध्ये काश्मीरात एकमेकांवर गोळ्या झाडून झाल्या, आणि तरी इकडे एका ऑफिसात दोघांच्या नावाने एकच इतिहास लिहून होतोय, खंडामागून खंड. मिठाईच्या दुकानाची वाटणी झाल्यावर भावांनी जुनी उधारीची वही मात्र एकत्रच ठेवावी तसं.

माझं खरं दुखणं मात्र मराठीतलं आहे. मुंबई सरकारने 1930 ते 34 मध्ये पेशवे दप्तरातले निवडक कागद छापले, 45 भाग, संपादक रियासतकार सरदेसाई, ज्यांची सगळी नोकरी बडोद्याला गेली. पुण्याच्या दप्तरात कागदांचे रुमालांवर रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे) पडलेले, ते उघडून, चाळून, वाचून चारेक वर्षांत 45 भाग. आजचं एखादं खातं चार वर्षांत टेंडर काढतं. तर त्यातला पहिला भाग, उदगीरच्या लढाईचा, मला एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या रद्दीत मिळाला. दुसरा भाग पानिपत प्रकरण. आता उदगीर हातात आणि पानिपत नाही, म्हणजे 1760 च्या फेब्रुवारीत भाऊसाहेब निजामाला नमवून बसलेत आणि पुढचं पान नाही, ही काय अवस्था झाली ते तुम्ही समजू शकता. अर्थात पुढचं काय ते ठाऊक आहे. तरी.

मी दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, मराठी में, लाल-बिल कुछ नहीं, सादा सरकारी जिल्द, उस पर दो नंबर. आठ महिन्यांनी फोन. "भैया, आपका दो नंबर आ गया." मी ऑफिसातून पोट दुखतंय सांगून निघालो, राजवाड्यापाशी गाडी लावायला जागा नाही, कुणाच्या तरी दुकानासमोर लावली, शिव्या खाल्ल्या, धावत गेलो. त्याने कापडाने पुसून माझ्या हातात ठेवलं. बावीस. "दो ही तो है," तो म्हणाला, "दो बार लिखा है." एवढ्या प्रेमाने ठेवलेलं, नाही कसं म्हणणार. घेतलं. बावीसही चांगला आहे तसा.

पण आग लागली आणि एकच उचलून पळायचं झालं तर मी उदगीर नाही उचलणार, गॅझेटिअर पण नाही (ते उचलवणारच नाही म्हणा). एक लहानसं मॅन्युअल आहे, जनावरांवर लादून सामान कसं न्यायचं त्याचं, ते घेईन. फौजेच्या अशा पुस्तकांत एक पद्धत असते, नियम बदलला की नवं पुस्तक काढत नाहीत, वरून छापील दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येतात, त्या ज्याने त्याने कापून बरोबर त्या ओळीवर चिकटवायच्या आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात नंबर, तारीख, सही करायची. त्यामुळे वापरातलं पुस्तक हळूहळू फुगत जातं, पावसात भिजलेल्या पापडासारखं. माझ्या प्रतीत एक ते सहा नंबरच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. पहिल्या चार एका हाताच्या, कडा कात्रीने सरळ कापलेल्या, डिंक कुठे बाहेर आलेला नाही. पाचवी-सहावी दुसऱ्या कुणीतरी लावलीय, घाईत, वाकडी, कात्रीने नाहीच, बहुतेक नखाने फाडून. सहावीच्या डिंकावर कसर लागलीय, तिने चिठ्ठी खाल्ली आणि खालची रद्द झालेली ओळ पुन्हा उघडी पडली.

आत एक तक्ता आहे, कुठल्या जनावरावर किती वजन. खेचर, 160 पौंड. त्याच्यापुढे समासात पेन्सिलने, लहान आणि फार नीट अक्षरात, इंग्रजीत चार शब्द लिहिलेत. चौदा हजार फुटांवर नाही.

एवढंच. नाव नाही, तारीख नाही, कुठले चौदा हजार फूट तेही नाही. पुस्तक समुद्रसपाटीवरच्या कुठल्यातरी टेबलावर लिहिलेलं आणि या माणसाने खेचराबरोबर चालून बघितलेलं. मी त्या चार शब्दांवरून पुष्कळ रात्री बोट फिरवलंय. अक्षर पहिल्या चार चिठ्ठ्या लावणाऱ्याचंच असावं असं माझं मत, बायकोचं मत तसं नाही, तिने सहीतला टी आणि समासातला टी भिंगातून बघून सांगितलं की वेगळे आहेत. हो, बघितलं तिने. सुका कचरा म्हणणारीनेच.

आणि मागच्या कव्हरला, जिथे नकाशा असेल म्हणून मी नेहमीप्रमाणे चाचपलं होतं, तिथे नकाशा नव्हता, सात नंबरची चिठ्ठी होती. घडी घातलेली, न कापलेली, न लावलेली. बदली झाली असेल, सुट्टी लागली असेल, काहीही असेल. मागच्या रविवारी मी डिंकाची बाटली आणली, कात्री घेतली, टेबल पुसलं. मुलगी शेजारी येऊन बसली, म्हणाली वाच तरी आधी काय आहे त्यात. वाचलं. परिच्छेद 31, ओळ चौथी, 'दोर' या शब्दानंतरचा स्वल्पविराम काढून टाकावा.

"काढ ना मग," ती म्हणाली.

बाटलीचं झाकण लावून ठेवलंय. स्वल्पविराम अजून तिथेच आहे.